ब्रिटनमध्ये भाडे पुरे पडत नसेल तर काउन्सिलकडून तात्पुरती मदत कशी मागावी

युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी मदतीतला (बेनिफिटमधला) घरभाड्याचा भाग किंवा भाड्यासाठीचे जुने हाउसिंग बेनिफिट मिळत असूनही घरमालकाला द्यायच्या भाड्यात दर महिन्याला काही पौंड कमी पडतात, आणि ती तूट जेवणाखाणाच्या किंवा विजेच्या पैशांतून भरावी लागते, अशी पुष्कळ कुटुंबे ब्रिटनमध्ये आहेत. ही तूट काही काळापुरती भरून काढण्यासाठी स्थानिक काउन्सिलकडे अर्ज करता येतो. २००१ पासून ही मदत डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट, म्हणजेच डीएचपी, या नावाने दिली जाऊ लागली. ती हक्काने मिळत नाही. पैसे देण्याची मुभा काउन्सिलला आहे, सक्ती नाही, आणि तिच्याकडचा निधी दरवर्षी मर्यादित असतो. म्हणून हा अर्ज इतर बेनिफिटच्या फॉर्मप्रमाणे रकाने भरून पाठवून देण्याचा नाही. तूट किती आहे, ती का पडली, मदत किती काळ हवी आहे आणि त्या काळात तुम्ही काय करणार आहात, हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. याच चार मुद्द्यांवर मुख्यतः निर्णय ठरतो.

देशाच्या चारही भागांत व्यवस्था सारखी नाही. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२६ पासून डीएचपी आणि हाउसहोल्ड सपोर्ट फंड या दोहोंची जागा क्रायसिस अँड रेझिलिअन्स फंड या एकत्रित निधीने घेतली असून त्यातल्या घरभाड्यासाठीच्या मदतीला हाउसिंग पेमेंट म्हणतात. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये डीएचपी हेच नाव आहे. स्कॉटलंडमध्ये तिचे नियंत्रण २०१७ पासून तिथल्या सरकारकडे आहे आणि बेडरूम टॅक्समुळे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त धरलेल्या खोलीमुळे, होणारी कपात तिथे याच मार्गाने पूर्ण भरून दिली जाते. उत्तर आयर्लंडमध्ये काउन्सिलऐवजी हाउसिंग एक्झिक्युटिव्ह या सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे अर्ज करायचा असतो. अर्जाचा फॉर्म बहुधा काउन्सिलच्या संकेतस्थळावर मिळतो आणि तुमची काउन्सिल कोणती, हे सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकल्यास कळते. यापुढे सोयीसाठी सगळीकडे डीएचपी असेच म्हटले आहे, कारण नाव बदलले तरी अर्जामागचा विचार फारसा बदललेला नाही.

अर्जाआधी व्हिसा पाहा

भारतातून आलेल्या कुटुंबांनी फॉर्म उघडण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी वाचल्याच पाहिजेत. विद्यार्थी व्हिसा, स्किल्ड वर्कर व्हिसा आणि त्यांवर आलेले जोडीदार यांच्या परवान्यावर सर्वसाधारणपणे 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, ही अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, काउन्सिलची घरांची यादी आणि बेघरांसाठीची मदत हे सगळे या अटीच्या व्याख्येत येते. डीएचपी या बेनिफिटच्या आधारावरच मिळत असल्यामुळे ज्याला मूळ बेनिफिटच घेता येत नाही त्याला तीही मिळत नाही, आणि अट मोडल्यास पुढच्या व्हिसा अर्जावर परिणाम होऊ शकतो. अट तुमच्या ई-व्हिसाच्या ऑनलाइन नोंदीत दिसते. ज्यांना इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे मुदतीविना राहण्याची परवानगी, मिळाली आहे, त्यांच्यावर ती सामान्यतः नसते आणि ब्रिटिश नागरिकांना तर ती लागूच होत नाही.

पती-पत्नींपैकी एकाला बेनिफिट घेता येते आणि दुसऱ्याला नाही, अशी मिश्र परिस्थिती असेल तर परस्पर अर्ज करू नये. अट असलेल्या जोडीदारामुळे बेनिफिटची रक्कम वाढली तर तेही अटीचे उल्लंघन ठरू शकते. अशा वेळी इमिग्रेशन सल्ला देण्याची अधिकृत परवानगी असलेल्या सल्लागाराकडेच जावे. मंडळातल्या किंवा व्हॉट्सॲप गटातल्या ओळखीच्या माणसाचा अनुभव कितीही खरा असला तरी तो त्याच्या व्हिसापुरता असतो. कौटुंबिक मार्गाने व्हिसा मिळालेल्यांना कंगालीची वेळ आल्यास ही अट काढून टाकण्यासाठी होम ऑफिसकडे अर्ज करता येतो. घरात लहान मुले असतील आणि राहण्याचा प्रश्न निकराला आला असेल, तर इंग्लंडमध्ये १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम १७ खाली काउन्सिलच्या सोशल सर्व्हिसेस विभागाकडे मदत मागता येते. ती पब्लिक फंड मानली जात नाही.

मदत कोणाला मिळते आणि कशासाठी

मुख्य अट अशी की तुम्हाला हाउसिंग बेनिफिट किंवा भाड्याचा भाग असलेले युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असले पाहिजे आणि तरीही घराच्या खर्चासाठी आणखी पैशांची गरज असली पाहिजे. युनिव्हर्सल क्रेडिटसाठी नव्याने अर्ज केलेल्यांना पहिली रक्कम येईपर्यंत सुमारे पाच आठवडे थांबावे लागते, आणि भाड्याचा भाग मंजूर होईपर्यंत डीएचपी देता येत नाही. त्या मधल्या काळासाठी युनिव्हर्सल क्रेडिटकडूनच आगाऊ रक्कम मागता येते, पण ती पुढच्या हप्त्यांतून वळती होते, हे लक्षात ठेवून तिचा आकडा ठरवावा.

तूट पडण्याची कारणे ठरावीक आहेत. खासगी घरात राहणाऱ्यांना भाड्यासाठीची मदत लोकल हाउसिंग अलाउन्सच्या दराने मिळते. हा दर त्या भागातल्या स्वस्त तीस टक्के घरांच्या भाड्यावरून काढलेला असतो. एप्रिल २०२४ मध्ये तो नव्याने बसवला गेला आणि नंतर गोठवला गेला, भाडी मात्र वाढत राहिली. ३५ वर्षांखालील एकट्या माणसाला तर बहुधा सामायिक घरातल्या एका खोलीचाच दर मिळतो. काउन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्याची घरे देणाऱ्या संस्थेच्या) घरात गरजेपेक्षा एक खोली जास्त धरली गेली तर पात्र भाड्याच्या १४ टक्के आणि दोन किंवा अधिक खोल्या जास्त असल्यास २५ टक्के कपात होते, हाच बेडरूम टॅक्स. तिसरे कारण बेनिफिट कॅपचे, म्हणजे एका कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण बेनिफिटवरच्या मर्यादेचे. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या आकड्यांनुसार मुले असलेल्या कुटुंबासाठी ही मर्यादा लंडनमध्ये वर्षाला २५,३२३ पौंड आणि लंडनबाहेर २२,०२० पौंड आहे. याशिवाय घरात राहणाऱ्या कमावत्या मुलामुळे किंवा अन्य प्रौढामुळेही कपात होते.

गृहकर्जाच्या हप्त्यासाठी डीएचपी मिळत नाही. त्यासाठी सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट नावाची वेगळी योजना आहे, पण २०१८ पासून ती कर्जाच्या स्वरूपात दिली जाते. काउन्सिल टॅक्ससाठीची सवलतही वेगळ्या अर्जाने मागावी लागते. भाड्यातच धरलेले पाणी, हीटिंग किंवा जेवणाचे पैसे यातून भरले जात नाहीत, आणि जॉबसेंटरने (बेनिफिट आणि नोकरीशोध सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयाने) दंड म्हणून बेनिफिट कापले असेल तर ती कपातही भरून मिळत नाही.

आधी मूळ हिशेब तपासा

डीएचपी ही वरची भर आहे. खालचा हिशेबच चुकीचा असेल तर तात्पुरत्या मदतीसाठी धडपडण्याऐवजी ती चूक दुरुस्त करून घेणे कितीतरी फायद्याचे ठरते, कारण दुरुस्त झालेले बेनिफिट हक्काने मिळते आणि पुढेही चालू राहते. अपंगत्वामुळे भावंडांबरोबर खोलीत झोपू न शकणारे मूल किंवा रात्री मुक्कामाला येणारा काळजीवाहक असेल, तर जादा खोलीची सूट मिळू शकते, आणि फॉर्ममध्ये ती गोष्ट नोंदवली न गेल्याने ती मिळाली नाही, असे होऊ शकते. पेन्शनच्या वयाच्या माणसाला हाउसिंग बेनिफिटमध्ये बेडरूम टॅक्स आणि बेनिफिट कॅप दोन्ही लागू होत नाहीत. तुम्हाला, जोडीदाराला किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलाला पीआयपीसारखे (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) अपंगत्वाचे बेनिफिट मिळत असेल तर कॅप उठते. युनिव्हर्सल क्रेडिटच्या निर्णयात चूक आढळली तर एका महिन्याच्या आत मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागावे आणि त्याचा निकाल लागेपर्यंतच्या काळासाठी डीएचपीचा अर्ज करावा. 'निर्णयाचा फेरविचार चालू आहे, तोवर मदत हवी' हे तात्पुरत्या मदतीसाठीचे अगदी रास्त कारण आहे. हा हिशेब स्वतःला जमत नसेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमध्ये मोफत करून मिळतो.

अर्जात काय लिहावे

सुरुवात आकड्यांनी करावी. समजा, भाडे महिन्याला १,१०० पौंड आहे आणि भाड्यासाठी मिळणारी रक्कम ९२० पौंड आहे, तर तूट १८० पौंडांची झाली. काही काउन्सिल आठवड्याचा हिशेब मागतात. तेव्हा महिन्याच्या आकड्याला चारने भागू नये, बाराने गुणून ५२ ने भागावे, म्हणजे येथे सुमारे ४१ पौंड ५४ पेन्स येतात. चारने भागल्यास ४५ पौंड येतात आणि इतर कागदांशी ताळमेळ बसत नाही. मागणीही नेमकी असावी. 'शक्य तेवढी मदत करावी' असे लिहिण्यापेक्षा 'सहा महिन्यांसाठी महिन्याला १८० पौंड, एकूण १,०८० पौंड' असे लिहिले की अधिकाऱ्याला होय, नाही किंवा अंशतः होय असे ठरवता येते.

त्यानंतर जमाखर्चाचा तक्ता येतो, आणि चांगले अर्ज बहुधा येथेच कमकुवत होतात. लोक खर्च कमी करून लिहितात, आपण उधळे वाटू नये म्हणून. प्रत्यक्षात कागदावर महिनाअखेर पैसे शिल्लक दिसले तर अधिकारी साहजिकच विचारतो की मग मदत कशाला हवी. बसचे भाडे, मुलांचे शाळेचे बूट, फोन, कपडे, वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून, हे सगळे खऱ्या आकड्यांनी लिहावे. बँकेची अलीकडच्या दोन-तीन महिन्यांची स्टेटमेंट बहुधा मागितली जातात आणि तक्ता त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. म्हणून आधी स्टेटमेंट समोर ठेवून मगच तक्ता भरावा.

आपल्याकडच्या अनेक घरांतून भारतात आई-वडिलांना पैसे पाठवले जातात. तो खर्च लपवू नये, कारण स्टेटमेंटमध्ये तो दिसतोच. कोणाला, कशासाठी पाठवता हे दोन ओळींत लिहावे, औषधोपचाराचा खर्च असेल तर तसे सांगावे, आणि रक्कम कमी करता आली असेल तर तेही नमूद करावे. काउन्सिल तो खर्च आवश्यक मानेलच असे नाही. पण न सांगितलेला खर्च सापडला की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो. नातेवाइकाने खात्यात टाकलेली मोठी रक्कम, मित्राला परत केलेली उसनवारी, भिशीचे पैसे यांचाही असाच एका ओळीत खुलासा द्यावा.

कारणांच्या रकान्यात दुःखाचे वर्णन कमी आणि परिणाम जास्त असावेत. घर सोडावे लागले तर काय होईल, हे ठोसपणे लिहावे: मुलीची जीसीएसईची (आपल्या दहावीसारखी) परीक्षा या वर्षी आहे, डायलिसिसचे रुग्णालय या घरापासून जवळ आहे, घरातल्या अपंग माणसासाठी न्हाणीघरात बदल करून घेतले आहेत, आजीची देखभाल शेजारच्या गल्लीतली बहीण करते. प्रत्येक विधानासोबत एक कागद जोडता आला पाहिजे, मग ते डॉक्टरांचे पत्र असो, शाळेचे असो वा घरमालकाची नोटीस असो. पुराव्याचा कागद अद्याप हाती आला नसेल तर अर्ज रोखून धरू नये. 'पत्र मागवले आहे, आल्यावर पाठवतो' असे लिहून अर्ज द्यावा, कारण मागील तारखेपासून पैसे देणे काउन्सिलच्या मर्जीवर असते.

पुढचा भाग सर्वांत जास्त वजनाचा आहे, आणि तोच बहुतेक जण रिकामा सोडतात. मदत अल्पकालीन असल्यामुळे ती संपल्यावर काय, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात असतो. कामाचे तास वाढवण्याबद्दल मालकाशी बोलणे चालू आहे, बाळंतपणाची रजा अमुक महिन्यात संपते, काउन्सिलच्या घरांच्या यादीत नाव घातले आहे, लहान घराशी अदलाबदलीसाठी नोंदणी केली आहे, घरमालकाला भाडे कमी करण्याची लेखी विनंती केली आहे, यांपैकी जे खरे असेल ते तारखांसह लिहावे. यातले काहीच शक्य नसेल, उदाहरणार्थ आजार कायमचा असेल आणि घर बदलणेही जमणार नसेल, तर तेही स्पष्ट लिहावे. दीर्घ मुदतीचे डीएचपी देण्यास बंदी नाही आणि अपंगत्वासाठी बदल करून घेतलेल्या घरांबाबत असे निर्णय होतात.

अपंगत्वाच्या बेनिफिटचा प्रश्न येथे हमखास उद्भवतो. २०१५ मध्ये सँडवेल काउन्सिलविरुद्धच्या खटल्यात हायकोर्टाने असा निर्णय दिला की डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स (डीएलए) या अपंगत्वाच्या बेनिफिटमधला देखभालीचा भाग सरसकट उत्पन्न म्हणून धरण्याचे धोरण बेकायदेशीर आहे. त्यामुळे पीआयपी किंवा डीएलएची रक्कम कशावर खर्च होते, जसे जादा हीटिंग, टॅक्सी, धुलाई, मदतनीस, ते स्वतंत्रपणे मांडावे आणि ती रक्कम भाड्यासाठी मोकळी नाही, हे दाखवून द्यावे.

घर बदलायचे असेल तर

डीएचपीतून नव्या घराची अनामत, आगाऊ भाडे आणि सामान हलवण्याचा खर्चही मिळू शकतो. घर दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत असले तरी अर्ज सध्या राहता त्या काउन्सिलकडे करायचा. करारावर सही करण्याआधी अर्ज करणे शहाणपणाचे, कारण नवे घर तुम्हाला परवडणारे आहे का, हे काउन्सिल आधी पाहते. जुन्या घरापेक्षा महाग घरात जाण्यासाठी मदत मिळण्याची शक्यता कमीच. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असल्यास अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि १ मे २०२६ पासून एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडेही मागता येत नाही. एजंटाने यापेक्षा मोठा आकडा सांगितला असेल तर तो तसाच काउन्सिलपुढे ठेवण्याआधी त्याच्याशीच वाद घालावा.

थकबाकी किंवा नोटीस असल्यास

भाडे थकले असेल तर एकट्या डीएचपीवर विसंबू नये. घर जाण्याचा धोका टळत असेल तर थकबाकीसाठी एकरकमी मदत देता येते, परंतु निर्णयाला वेळ लागतो आणि तोवर घरमालक थांबेलच असे नाही. त्याला अर्जाची प्रत पाठवावी, थोडी का होईना दरमहा रक्कम भरण्याची तयारी लेखी कळवावी. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून कारण न देता घर रिकामे करायला सांगणारी कलम २१ ची नोटीस रद्द झाली आहे. तीन महिन्यांची थकबाकी झाली तर मात्र न्यायालयाला ताबा द्यावाच लागतो, त्यामुळे थकबाकी त्या रेषेच्या खाली ठेवणे हेच अशा वेळी पहिले काम.

५६ दिवसांच्या आत बेघर होण्याची वेळ येण्याची शक्यता असेल, तर इंग्लंडमध्ये २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन ॲक्टनुसार ते टाळण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन काउन्सिलवर येते. हे बंधन आहे, मर्जी नव्हे. यासाठी गृहनिर्माण विभागाशी वेगळा संपर्क साधावा लागतो आणि त्या विभागाकडेही घर टिकवण्यासाठी खर्च करता येणारा निधी असतो. केवळ नोटीस आली म्हणून स्वतःहून घर सोडू नये. तसे केल्यास तुम्ही आपणहून बेघर झालात, असा अर्थ काढला जाऊ शकतो. नोटीस हाती पडताच शेल्टर ही घरांच्या प्रश्नांवर मदत करणारी संस्था किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस यांचा सल्ला घ्यावा.

निर्णयानंतर

निर्णय लेखी मिळतो. त्यात रक्कम, मुदत आणि पैसे तुमच्या खात्यात की घरमालकाला जाणार हे लिहिलेले असते. डीएचपीमुळे इतर बेनिफिट कमी होत नाही आणि ती बेनिफिट कॅपमध्येही धरली जात नाही. उत्पन्न, भाडे किंवा घरातली माणसे बदलली तर लगेच कळवावे, नाहीतर जादा दिलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते.

नकार आला तर बेनिफिटसारखे ट्रायब्युनलकडे अपील करता येत नाही. काउन्सिलकडेच लेखी पुनर्विचार मागावा लागतो आणि त्याची मुदत निर्णयाच्या पत्रात पाहावी. या पत्रात मूळ अर्ज पुन्हा उतरवून उपयोग नाही. नकाराच्या प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर आणि शक्य तिथे नवा कागद द्यावा. 'अशा प्रकरणांत आम्ही कधीच मदत देत नाही' असे उत्तर आले असेल तर ते आव्हान देण्याजोगे आहे, कारण प्रत्येक अर्जाचा विचार त्याच्या परिस्थितीनुसार करणे काउन्सिलला भाग आहे. कामकाजातल्या दिरंगाईबद्दल किंवा चुकीबद्दल आधी काउन्सिलच्या तक्रार विभागाकडे आणि मग इंग्लंडमध्ये लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येते. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये यासाठी स्वतंत्र ओम्बड्समन आहेत. निर्णयच बेकायदेशीर असेल तर ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे न्यायालयाकडून त्याची कायदेशीरता तपासून घेण्याचा, मार्ग उरतो, पण त्याची मुदत कमी असल्याने वकिलाला तातडीने गाठावे लागते.

मंजूर झालेली मदत आपोआप वाढत नाही. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी नवा अर्ज द्यावा, आणि त्यात पहिल्या अर्जात सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणत्या केल्या, कोणत्या झाल्या नाहीत आणि का, हे लिहावे. दुसरा अर्ज वाचताना अधिकारी पहिला अर्ज काढून पाहू शकतो, म्हणून पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तारखेसह जपून ठेवावी.